शहाण्णव टक्के

३ मार्च, सोमवार

तीन महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल वहीची माफी. चाचणी चालू होती हे कारण द्यायला बरं आहे. खरं कारण असं की दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्यावर घरी येऊन स्वतःच्या लिहायचा जीव होत नसे.

चाचणी कशाची ते एकदा नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच गोंधळ व्हायचा. आमच्या हॉस्पिटलातून घरी गेलेल्या हृदयाच्या रुग्णांच्या अंगात पाणी साठतं. वेळेत कळलं तर गोळ्या वाढवून भागतं, नाही कळलं तर धाप लागून पुन्हा दाखल. आजवर ते कळायचा मार्ग एकच होता, आमच्या घरभेटीच्या सिस्टर. त्या एकट्याच दारोदार जातात, पायावर बोट दाबून बघतात. आता एका कंपनीने त्याऐवजी अ‍ॅप आणलं आहे. रुग्णाने रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं, वजन मोबाइलवर भरायचं, तीन प्रश्नांना हो किंवा नाही म्हणायचं. वजन वाढलं की डॉक्टरांच्या पडद्यावर लाल दिवा. साठ रुग्ण घेतले, त्यांच्या घरभेटी बारा आठवडे थांबवल्या, आणि अ‍ॅप उपयोगी आहे की नाही हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. संख्याशास्त्राची पदवी घेऊन वीस वर्षं हॉस्पिटलात बसल्याचं हे फळ.

अहवाल एकवीस तारखेला द्यायचा आहे. मी ‘उपयोगी’ लिहिलं तर एक तारखेपासून सगळ्याच घरभेटी बंद आणि सिस्टर भांडारात, चादरी मोजायला. हे मला कोणी सांगितलेलं नाही. अधीक्षकांच्या टेबलावर आदेशाचा मसुदा होता तो समोरच्या बाजूने उलटा वाचला. असं वाचणं बरोबर नाही. पण वाचलं.

६ मार्च, गुरुवार

दोघांनी मध्येच सोडलं, अठ्ठावन्न उरले. एकूण दिवसांपैकी शहाण्णव टक्के दिवस नोंदी भरलेल्या. पुन्हा दाखल होणाऱ्यांचं प्रमाण घरभेटींच्या काळाइतकंच. वीस वर्षांत मी कुठल्याच फॉर्मला शहाण्णव टक्के प्रतिसाद पाहिलेला नाही. आमच्या कर्मचाऱ्यांना पगारवाढीचा फॉर्म दिला होता तेव्हाही एकोणऐंशी टक्केच आले होते.

कंपनीचा प्रतिनिधी येऊन बसला होता. त्याला मी मनातल्या मनात हसरा म्हणतो, कारण तो बिघाडाची बातमीसुद्धा हसून देतो. पाचव्या आठवड्यात चार दिवस नोंदी जवळजवळ नाहीतच, असं का, विचारलं. तो म्हणाला, सर्व्हरची देखभाल चालू होती. ते दिवस वगळून मी तळटीप दिली. तळटीप दिली की मला शांत वाटतं. हा गुण आहे की दोष, माहीत नाही.

बाकी या अ‍ॅपने नाकी नऊ आणले आहेत. दर पंधरा दिवसांनी पासवर्ड बदलायचा, मागचे बारा चालत नाहीत. जानेवारीत एका निवृत्त मास्तरांचं वजन एका दिवसात चार किलो वाढलं आणि लाल दिवा लागला. डॉक्टरांनी धावाधाव केली, तर मास्तर मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभे होते. नोंद भरली की पडद्यावर रंगीत फुगे उडतात. मास्तरांच्या मांजरासाठीही उडाले असणार.

सिस्टर सकाळी दारात येऊन गेल्या. आवाज बसला होता. या थंडीभर त्यांचा आवाज सकाळी बसलेलाच असतो. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या. त्यांनी विचारलं, चाचणी संपली, आता अ‍ॅप आपलंआपण भरेल ना सर? हे त्या तिसऱ्यांदा विचारत आहेत. मी तिसऱ्यांदा समजावलं की भरायचं रुग्णानेच, आणि ते छान भरतायत, काळजी नको. माणसाला नव्या यंत्राची भीती वाटते, त्यातून त्यांना निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. समजू शकतो.

१० मार्च, सोमवार

दाखल झालेल्यांची यादी आणि अ‍ॅपच्या नोंदी शेजारी ठेवून तपासत होतो. हे कोणी सांगितलं नव्हतं, माझीच खोड. त्यांतले एक कुलूपवाले काका बारा फेब्रुवारीला धाप लागून दाखल झाले, सोळाला घरी गेले. अ‍ॅपमध्ये तेरा आणि चौदा तारखेला त्यांच्या घरच्या काट्यावरचं वजन आहे. एकसष्ट पॉइंट चार, दोन्ही दिवस. वॉर्डातल्या कागदावर तेव्हा त्यांचं वजन चौसष्ट.

हसऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सर, साडेचार हजार नोंदींत दोन. मी म्हटलं, माणूस घरी नसताना काटा वजन दाखवतो, हे दोनदा झालं तरी पुष्कळ आहे. तो हसला.

११ मार्च, मंगळवार

काकांच्या दुकानात गेलो. चार बाय सहाची जागा, भिंतभर किल्ल्या, काका स्टुलावर बसून कानशीने एक किल्ली घासत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला दुसरं स्टूल दिलं आणि त्या स्टुलाचा एक पाय लंगडा असल्याचं बसल्यावर सांगितलं.

तेरा तारखेचं वजन विचारलं. त्यांना काहीच लपवायचं नव्हतं. सकाळी सिस्टरचा फोन आला होता, रोज येतो तसा. वजन विचारलं, त्यांनी आदल्या दिवशीचं सांगितलं.

“पण काका, तुम्ही दवाखान्यात होतात.”

“हो. नाकात नळी होती. ते कशाला सांगायचं? घाबरली असती बिचारी. आणि वजन काय साहेब, माणसाचं एका दिवसात बदलतं होय?”

अडीच किलो पाणी काढून घरी पाठवलेला माणूस मला हे सांगत होता. मी अ‍ॅपचा मोबाइल दाखवा म्हटलं. बायकोने तो कपाटात ठेवला आहे, पडून फुटेल म्हणून; बोलायला खिशात साधा बटणांचा फोन.

रोज येतो तसा. परत येताना हेच डोक्यात.

१३ मार्च, गुरुवार

सगळ्या नोंदींच्या वेळा छापून घरी आणल्या. जेवणाच्या टेबलावर पसरल्या म्हणून बायकोची बोलणी खाल्ली. ती शाळेत गणित शिकवते. ताट ठेवायला जागा करता करता तिने दोन पानं उचलली, एकाखाली एक धरली आणि म्हणाली, अरे, ही तर एकाच मुलीची वही आहे.

मला समजेना. तिने पेन्सिलीने खुणा केल्या. सकाळी सात, सात दोन, सात चार, सात सात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात, सात दोन, सात पाच. आणि माणसांचा क्रम तोच. रविवारीसुद्धा. एकोणपन्नास जण ओळीने, मधले नऊ जण मात्र वाटेल तेव्हा, कोणी सहाला, कोणी दुपारी दोनला.

“वर्गात अशी उत्तरं आली की मी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं करते,” ती म्हणाली. “तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर कोण बसतं?”

क्रम कशाचा ते मी अर्धा तास शोधत होतो. नावाचा नाही, नोंदणी क्रमांकाचा नाही. मग पत्ते काढले. बसस्टँडपासून सुरू होऊन गिरणीच्या चाळींतून वर टेकडीकडे, शेवटचं घर पाण्याच्या टाकीपाशी. सिस्टर गेली अकरा वर्षं याच वाटेने चालत होत्या.

तीन महिने मी ही पानं बघतोय. सरासरी काढली, विचलन काढलं, आलेख काढले. वेळेचा स्तंभ फक्त पाहिला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सिस्टरना खोलीत बोलावलं. दार लावलं, मग ते बरं दिसत नाही म्हणून अर्धं उघडलं. कसं विचारायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, पण त्यांनी खुर्चीवर बसायच्या आतच सांगून टाकलं.

पहिले दोन दिवस पंधरा-सोळा जणच भरत होते. कोणाला चष्म्याशिवाय दिसत नाही, कोणाचा मोबाइल सुनेकडे, कोणाला फुगे उडाले की काहीतरी बिघडवलं असं वाटायचं. घरी जायची तर बंदी. म्हणून त्या सकाळी सातपासून एकेकाला फोन करायच्या, वजन विचारायच्या, आणि त्यांच्या नावाने आपल्या मोबाइलवरून भरायच्या. पासवर्ड नोंदणीच्या दिवशी त्यांनीच घालून दिले होते, दर पंधरा दिवसांनी बदलायच्याही त्याच. कोणी दमल्यासारखं बोललं तर डॉक्टरांना चिठ्ठी. हे सगळं त्यांनी अशा स्वरात सांगितलं, जसं काही मला माहीतच होतं.

मी म्हणालो, सिस्टर, हे दुसऱ्याच्या नावाने भरणं झालं. याने माझी सगळी चाचणी पाण्यात गेली.

“तुम्हीच सांगितलंत सर. एकही रकाना रिकामा दिसता कामा नये.”

मी असं म्हणणं शक्य नाही, असं मी ठामपणे सांगितलं.  त्या पदराने चष्मा पुसत बसल्या. मग कुलूपवाल्या काकांचं निघालं. ते वॉर्डात होते हे त्यांना दोन दिवसांनी कळलं होतं. “आवाजावरून कळायला हवं होतं मला,” म्हणाल्या. “समोर असते तर कळलं असतं.”

उठता उठता त्यांनी माफी मागितली, पण फोन केल्याची नव्हे. पाचव्या आठवड्यात त्या तापाने चार दिवस पडून होत्या, तेव्हा फोन झाले नाहीत, तेवढं सांभाळून घ्या म्हणाल्या.

१५ मार्च, शनिवार

प्रशिक्षणाच्या दिवशी वाटलेला कागद शोधला. दुसरं पान, वरून तिसरी ओळ, ठळक अक्षरात, खाली रेघ: एकही रकाना रिकामा दिसता कामा नये. शेवटी माझी सही.

मग हसऱ्याच्या देखभालीचे चार दिवस उघडले, जे मी त्याच्या एका वाक्यावर वगळले होते. दोनशे बत्तीस नोंदी हव्या होत्या, आल्या एक्केचाळीस. त्या नऊ जणांनी चारही दिवस व्यवस्थित भरलं होतं, म्हणजे सर्व्हर ठणठणीत होता. मांजरवाल्या मास्तरांची नोंद रोज सहा वाजता आहे. सिस्टरविना अ‍ॅप म्हणजे अठरा टक्के. आणि त्याच चार दिवसांत दोघं जण दाखल झाले, एक शिंपीणबाई आणि एक वाजंत्रीवाले. दोन आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. हे वाक्य मी आज स्वतःशी चार वेळा म्हटलं.

म्हणजे आम्ही बारा आठवडे ज्याची परीक्षा घेतली ते अ‍ॅप नव्हतंच. सिस्टर होत्या. आणि त्या इतक्या चांगल्या उत्तीर्ण झाल्या की त्यांची नोकरी जाते आहे.

१७ मार्च, सोमवार

अधीक्षकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला. त्यांच्या मते यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदी कोणी भरल्या हा प्रशासकीय प्रश्न, त्याबद्दल सिस्टरना कारणे दाखवा नोटीस निघेल. अ‍ॅप उपयोगी आहे हा शास्त्रीय प्रश्न, त्याचं उत्तर आकडे देतातच. फोनचा उल्लेख परिशिष्टात करावा.

मी म्हटलं, साहेब, या दोन गोष्टी एकच आहेत. ते म्हणाले, तुम्ही फार विचार करता. हे मला कॉलेजपासून लोक सांगत आले आहेत, आणि प्रत्येक वेळी तो दोषारोपच असतो.

म्हणजे खरं लिहिलं तर सिस्टरवर कारवाई, लपवलं तर सिस्टर भांडारात. दोन्हीकडून मार त्यांनाच. सही मात्र माझी.

१८ मार्च, मंगळवार

एक मार्ग सुचला होता. आज लिहिताना लाज वाटते, पण सुचला तेव्हा मला आनंद झाला होता, तेही लिहितो. सिस्टरनी दोन आठवडे फोन बंद करावेत. अहवालाला मुदतवाढ मागू. अ‍ॅप एकटं काय करतं ते स्वच्छ दिसेल, चौदा दिवस, चारांपेक्षा कितीतरी भक्कम. सिस्टरचं महत्त्व निर्विवाद सिद्ध होईल. मी तक्ता आखूनसुद्धा नेला होता.

सिस्टरनी तक्ता हातात घेतला. नीट पाहिला.

“यातला हा शेवटचा रकाना कशाचा?”

“त्या काळात दाखल झालेले,” मी म्हटलं, “किंवा…”

“किंवा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे दोन आठवड्यांत कोणी गेलं की तुमचा तक्ता भरला.”

तक्ता त्यांनी घडी घालून परत दिला. मी तिथे आणखी काहीतरी बोललो, नमुना-संख्येबद्दल. काय बोललो ते आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

बायकोला सांगितलं. तिने फक्त विचारलं, तू त्यांना हे खरंच म्हणालास?

२१ मार्च, शुक्रवार

अहवाल दिला. परिशिष्ट नाही, पहिल्याच पानावर. अ‍ॅप एकट्याने वापरता येतं असा पुरावा आमच्याकडे नाही. शहाण्णव टक्के हा आकडा रोज सकाळी होणाऱ्या एकोणपन्नास फोनांचा आहे. ते फोन बंद होते त्या चार दिवसांचा आकडा अठरा टक्के, आणि ते दिवस मी शहानिशा न करता वगळले होते. फोन सुरू होण्याचं कारण मी दिलेली लेखी सूचना. ती सोबत जोडली आहे. फोनलाही मर्यादा आहेत, एक रुग्ण वॉर्डात असल्याचं त्यातून कळलं नाही. नऊ जणांना अ‍ॅप उत्तम जमतं, त्यांच्याकडून ते काढून घेऊ नये. घरभेटी बंद करण्याला या चाचणीचा आधार नाही.

सहा वेळा वाचलं. सिस्टरचं नाव कुठे न घालता लिहायचा प्रयत्न केला. पण हॉस्पिटलात घरभेटीच्या सिस्टर एकच आहेत, तेव्हा या सभ्यतेचा उपयोग फक्त मलाच.

हसऱ्याला प्रत पाठवली. पहिल्यांदाच तो फोनवर हसला नाही. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

२४ मार्च, सोमवार

घरभेटी बंद करण्याचा आदेश स्थगित. इतकं माझ्या अहवालाने झालं. दुसरं झालं ते असं: चौकशी पूर्ण होईपर्यंत सिस्टरनी रुग्णांशी कोणताही संपर्क ठेवायचा नाही, फोनवरही नाही. तोवर काम भांडारात. त्या अठ्ठावन्न जणांच्या घरी दुसरं कोण जाणार, हे आदेशात नाही. अधीक्षकांना विचारलं तर म्हणाले, अ‍ॅप चालू आहे ना.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन पडदा पाहिला. अठ्ठावन्नांपैकी दहा नोंदी. एकही लाल दिवा नाही. वजन वाढलं तर दिवा लागतो. वजन आलंच नाही तर काहीच लागत नाही. पडदा अगदी शांत, हिरवा. डॉक्टर म्हणाले, आज सगळे बरे दिसतायत. मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण ओपीडीत त्यांचे सत्तर जण बाहेर बसले होते.

अहवालात ही गोष्ट नाही. माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मग भांडारात गेलो. तळघरातली खोली, ट्यूबलाइट, कपाटांच्या रांगा. सिस्टर चादरींचे वीस-वीसचे गठ्ठे बांधत होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि मोजत राहिल्या. गठ्ठा संपेपर्यंत मी उभा होतो.

“आज फोन कोणी केले?” त्यांनी विचारलं.

“कोणीच नाही.”

त्यांनी दोरीची गाठ दातांनी घट्ट केली.

मी म्हटलं, बंदी तुम्हाला आहे, मला नाही. हे वाक्य मी जिन्यातच जुळवलं होतं, तरी म्हणताना अडखळलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं, जसा काही मी फाटकी चादर आहे आणि ठेवायची की काढायची ते ठरवायचं आहे.

“वही काढा,” म्हणाल्या.

तासभर त्या सांगत होत्या, मी गठ्ठ्यावर बसून लिहीत होतो. बसस्टँडपासून टाकीपर्यंत, एकोणपन्नास. कोण काय लपवतो हेच मुख्यतः. शिंपीणबाईंना तब्येत विचारायची नाही, काल किती ब्लाउज झाले विचारायचं. पाय सुजले की मशीन चालत नाही. कुलूपवाल्या काकांशी बोलण्यात अर्थ नाही, फोन बायकोला द्यायला सांगायचा. वाजंत्रीवाल्यांना एक पूर्ण वाक्य बोलायला लावायचं आणि मध्ये श्वास कुठे तुटतो ते ऐकायचं. पहिलं घर निवृत्त पोस्टमनांचं. ते बरं आहे असंच म्हणतात. त्यांना उशा विचारायच्या. दोन उशा म्हणजे ठीक. तीन घेऊन झोपावं लागलं तर आडवं पडल्यावर जीव घाबरतोय, लगेच डॉक्टरांना सांगायचं.

अ‍ॅपमध्ये यातला एकही प्रश्न नाही. माझ्या तक्त्यातही नव्हता.

मी विचारलं, एकेकाला दोन मिनिटं पुरतात? “मला पुरतात. तुम्हाला पाच लागतील. आणि सर, आकडेवारीचं काही बोलू नका त्यांच्याशी.”

मूल्यमापन करणाऱ्याने स्वतः मध्ये हात घालू नये, हे मीच प्रशिक्षणात शिकवतो. उद्यापासून या चाचणीबद्दल तटस्थपणे लिहायचा अधिकार मला राहणार नाही. तसं अधीक्षकांना लेखी कळवलं, पोच घेतली. नोंदी अ‍ॅपमध्ये भरणार नाही. कागदावर, माझ्या नावाने, बारा वाजता डॉक्टरांच्या हातात. चौकशी किती दिवस चालेल ते कोणी सांगत नाही. हे बरोबर आहे की नाही, मला अजूनही नक्की ठरवता येत नाही. आजचे अठ्ठेचाळीस रिकामे रकाने मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत.

उद्या, सकाळी सात: पोस्टमनांना फोन. आधी उशा, मग वजन.